भुरीच्या ताटलीत काय होतं

जवाहरनगर, २६ ऑगस्ट

बाबा,

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीला, एकोडीच्या आपल्या घरात जे घडलं ते आधी क्रमानं लिहिते.

१. सकाळी तुम्ही शेजारच्या हेमराजकाकांकडून मटणाचा हिस्सा घेऊन आलात. येताना तुम्ही प्यायलेले होता.

२. आईनं मटण शिजवलं. रस्स्यात कांदा-लसूण होता, नेहमी असतो तसा.

३. भुरीनं दोन दिवस मासोळीला तोंड लावलं नव्हतं. आईला त्या मांजरीची दया आली. तिनं भुरीच्या ताटलीत थोडा भात आणि त्यावर चमचाभर रस्सा घातला. भुरीनं तो नुसता चाटला.

४. काही वेळानं भुरी चालताना एका अंगाला झुकली. तिची मान छातीकडे वळली आणि ती आकडी येऊन पडली. तुम्ही तिला उचललं. आकडीतच तिनं तुमच्या उजव्या अंगठ्याला चावा घेतला.

५. तुम्ही ताटली पाहिली आणि आईला विचारलं, "यात कांदा हाय?" आई म्हणाली, "हाय. चमचाभर रस्सा देल्ला मी."

६. तुम्ही बैल हाकायची तुतारी उचलली. पहिला फटका आईच्या पाठीवर बसला. दुसरा तिनं डाव्या हातावर झेलला. कोपराखालची दोन्ही हाडं मोडली.

७. आई पडल्यावरही तुम्ही मारत राहिलात. किती वेळा, ते तिला आठवत नाही. पाठीवरच्या वळांत तुतारीच्या टोकाच्या खिळ्याच्या खुणा आहेत.

८. हेमराजकाकांनी मागून तुतारी धरली. तुम्ही ती सोडून दिली आणि तांब्या उचलून त्यांच्या तोंडावर मारला. त्यांचा पुढचा दात पडला.

९. तुम्ही अंगणात उभे राहून ओरडलात की शकूनं मांजरीला जहर घातलं. सणामुळे सगळे आपापल्या घरीच होते. सगळ्यांनी ऐकलं.

१०. कलाबाई आत्यानं मला फोन केला. मी गाडी करून आले आणि आईला व पोत्यात गुंडाळलेल्या भुरीला घेऊन भंडाऱ्याला गेले. तुम्ही तेव्हा पडवीत झोपला होता.

यात माझं मत कुठेही नाही. कारखान्यात आम्ही अपघाताचा अहवाल असाच लिहितो. आधी घडलं ते, मग कारण. मत कुणी विचारलं तरच. याआधीच्या वर्षांतलं मी इथं काही लिहिलेलं नाही, कारण अहवाल एकाच घटनेचा असतो. पत्र लिहिते आहे, कारण फोनवर तुम्ही ओरडता आणि दुसऱ्या दिवशी म्हणता की असं बोललोच नाही.

आता कांद्याबद्दल.

भुरी घरात आल्यापासून तुम्ही मला फोन करायला लागलात. त्याआधी करत नव्हता. "अपेक्षा, भुरीले टोस्ट चालते का वं?" हा तुमचा पहिला प्रश्न होता. मग दही, मग शेवया, मग उकडलेलं अंडं. मी शोधून, खात्री करून उत्तर द्यायची. अंडं उकडलेलं चालतं. दूध बहुतेक मोठ्या मांजरांना पचत नाही. शिजवलेली हाडं देऊ नका, ती फुटून घशात रुततात. मनुका नाही, चॉकलेट नाही, चहा नाही.

"चहात तोंड घालते ना वं ते."

"घालू देऊ नका."

"मंग भात?"

"साधा भात थोडा चालेल. पण नुसत्या भातावर मांजर जगत नाही."

"तुले विचारलं का सारंच बंद. उद्या म्हणशीन, मांजरीले हवा चालत नाही."

तुम्ही हसला होता. मीपण हसले होते. आपण दोघं याआधी इतकं बोललो असल्याचं मला आठवत नाही. माझी नोकरी कशी चालली आहे, मी काय जेवते, हे तुम्ही विचारलं नाही. मलाही त्याची फार गरज वाटली नाही.

कांदा आणि लसूण मांजरीला विषारी आहे, हे मीच तुम्हाला सांगितलं. ते खरं आहे. कच्चा, शिजवलेला, वाटलेला, कसाही. पण कांद्यानं काय होतं तेही मी त्याच दिवशी सांगितलं होतं. रक्तातल्या लाल पेशी फुटतात. हिरड्या पांढऱ्या पडतात, लघवी गडद तांबडी होते, मांजर धापा टाकतं. यात बहुधा काही दिवस जातात. रस्सा चाटला आणि तासाभरात मान वळून आकडी आली, असं कांद्यानं होत नाही. भुरीच्या हिरड्या गुलाबी होत्या. मी पोतं उघडून पाहिल्या.

माझी माहिती बरोबर होती. तुम्ही त्यातलं अर्धं लक्षात ठेवलं आणि त्या अर्ध्यावर आईचा हात मोडला.

तुमच्या अंगठ्याबद्दल. मांजराचा चावा आहे. साकोलीच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रेबीजची लस घ्या. आजपर्यंत गेला नसाल तर हे पत्र खाली ठेवून आधी जा. एकदा लक्षणं दिसली की त्या रोगाला औषध नाही.

दवाखान्यात पोलीस विचारायला आले होते. आईनं त्यांना सांगितलं, "मोरीत घसरून पडली मी." मी बाजूला उभी होते. पाठीवरच्या खुणा त्यांनाही दिसत होत्या. मी बोलले नाही, कारण हात तिचा आहे.

आई परत यायचं म्हणते. प्लास्टर घालत असतानाही ती म्हणत होती, "सांजच्याले बैल कोन सोडन?" मी तिला थांबवून घेतलं आहे. माझी मागणी एकच आहे. ज्या अंगणातून तुम्ही तिला जहर घालणारी म्हणालात, त्याच अंगणात त्याच लोकांसमोर सांगा की तिनं जहर घातलं नाही. त्यानंतर यायचं की नाही ते आई ठरवेल.

भुरीबद्दल नंतर लिहीन.

अपेक्षा


जवाहरनगर, ८ सप्टेंबर

बाबा,

तुमचं उत्तर आलं नाही. कलाबाई आत्याचा फोन आला. तुम्हीच तो करायला लावला, हे तिनं लपवलं नाही.

"अपेक्षाबाई, तुहा बाप म्हणते, शकूनं यावं न सगळ्यायसमोर कबूल करावं का मी जहर देल्लं. मंग तो तिले घरात घेते."

"आत्या, आईनं जहर दिलं नाही."

"मले मालूम हाय वं. पन त्याले कोन सांगन? हेमराजनं सांगून पाह्यलं त दात गेला. मले बत्तीसच्या बत्तीस ठेवाचे हायेत."

मग तिनं बाकीचं सांगितलं. तुम्ही आईची पेटी अंगणात आणून ओतलीत. लुगडी, तिची चादर, माझ्या बारशातलं टोपडं. त्यावर रॉकेल टाकून पेटवलंत. आत्या पाण्याची बादली घेऊन धावली, तर तिला ढकलून दिलंत. तिचा गुडघा फुटला आहे. हे सगळं तुम्ही दारू न पिता केलंत, असं आत्या म्हणाली. म्हणून मुद्दाम लिहिते. करीच्या दिवशीचं तुम्ही दारूवर घालाल. हे कशावर घालणार ते मला माहीत नाही.

आत्यानं आणखी एक सांगितलं. तुम्ही लस घेता आहात, सुया वेळेवर चालू आहेत. तरी रोज सकाळी पाण्याचा गिलास समोर घेऊन बसता आणि त्याच्याकडे बघत राहता. पाणी गळ्याखाली उतरलं की म्हणता, "आजचा दिस गेला." त्या रोगात माणूस पाण्याला घाबरतो, हे तुम्हाला कुणीतरी सांगितलेलं दिसतं.

बाबा, भुरी जिवंत आहे.

ती माझ्या क्वार्टरमध्ये आहे. हे लिहिते आहे तेव्हा ती खिडकीत बसून चिमण्या बघते आहे. चावणारं मांजर चाव्यानंतर दहा दिवस धडधाकट राहिलं, तर त्या चाव्यातून रेबीज होत नाही. दहा दिवस होऊन गेले. उरलेल्या सुयांचं काय करायचं ते दवाखान्यात विचारा. गिलासाकडे बघत बसायची गरज नाही.

ती बरी होते आहे हे मला मागचं पत्र लिहितानाच दिसत होतं. मी कळवलं नाही. दहा दिवस पुरे होईपर्यंत खात्रीनं काही सांगता येत नव्हतं, हे एक कारण आहे. दुसरं कारण असं की आईला रात्री कुशीवर वळता येत नव्हतं, आणि तुम्हाला भीती वाटत असेल तर वाटू दे, असं मला वाटलं. दोन्ही कारणं खरी आहेत.

आता भुरीला काय झालं होतं ते.

मी तिला भंडाऱ्यात जनावरांच्या डॉक्टरांकडे नेलं. आईनं हट्ट धरला म्हणून तीही आली, हात गळ्यात बांधून. डॉक्टरांनी विचारलं, मांजर काय खाते? उत्तर आईनं दिलं, आणि अभिमानानं दिलं.

"जिती मासोळी, सायेब. बांधीतली. यायनं तिले कदी शिळी देल्ली नाही."

"कच्ची?"

"कच्ची नाही त का. मांजर हाय ते."

"आणि बाकी काय?"

"काहीच नाही. भात देऊ देत नाहीत. म्हन्तेत, वाघाच्या जातीले भात कायले?"

डॉक्टरांनी भुरीच्या डोळ्यांत उजेड टाकला. बाहुल्या मोठ्याच राहिल्या. मान तशीच वळलेली होती. त्यांनी जीवनसत्त्व बी-वनचं इंजेक्शन दिलं, आणि घरी न्यायच्या आधीच सांगितलं, उद्या उभी राहील. दुसऱ्या दिवशी ती उभी राहिली. पाय फाकवून, दारू प्यायल्यासारखी, पण उभी. जहर खाल्लेलं मांजर बी-वननं उठत नाही.

कारण असं आहे. तुम्ही पाऊस लागल्यापासून धानाच्या बांधीच्या तोंडाशी बांबूचा सापळा लावता, आणि त्यात अडकणाऱ्या बारीक मासोळ्या रोज भुरीला देता. काही जातींच्या कच्च्या मासोळीत, आतड्यांत जास्त, एक द्रव्य असतं. ते बी-वन मोडून टाकतं. आठवड्यातून एखादी मासोळी खाल्ली तर काही होत नाही. पण महिना-दीड महिना पोटात दुसरं काहीच गेलं नाही, तर अंगातलं बी-वन संपतं. आधी मांजर खाणं सोडतं, मग झुकतं, मग मान वळते, मग आकडी येते. मासोळी उकडली की ते द्रव्य मरतं. फक्त उकडायची असते.

म्हणजे आईनं भात घातला तेव्हा भुरी आधीच आजारी होती. खाणं सोडलं होतं म्हणूनच आईनं भात घातला.

तुम्ही मला टोस्टबद्दल विचारलं. शेवयांबद्दल, चहाबद्दल विचारलं. दिवाळीच्या चकलीबद्दल दोनदा विचारलं. मासोळीबद्दल कधीच विचारलं नाही, कारण मासोळीतलं तुम्हाला सगळं कळतं असं तुम्ही धरून चालला होता. विचारलं असतं तर मी उत्तर दिलं असतं.

माझी मागणी तीच आहे.

अपेक्षा


जवाहरनगर, ६ ऑक्टोबर

बाबा,

काल जे झालं ते आई लिहू नको म्हणते. तरी लिहिते, कारण गावी जाऊन तुम्ही ते वेगळं सांगाल.

तुम्ही दुपारी आलात. धुतलेला सदरा घातला होता, दारू प्यायला नव्हता. हातात पळसाच्या पानांचा पुडा होता. मी दार उघडलं, कारण मला वाटलं तुम्ही बोलायला आलात. आईलाही तसंच वाटलं. ती केस सारखे करत बाहेर आली आणि म्हणाली, "बसा. चाय मांडतो."

तुम्ही बसला नाहीत. खाली वाकून पलंगाखाली बघितलंत. "भुरे! वं भुरे, कुठं गेली?"

ती आली. तुमच्या पायांना अंग घासून फिरली. तुम्ही फरशीवर बसलात, तिला छातीशी धरलंत आणि रडलात. मी तुम्हाला याआधी रडताना पाहिलं नव्हतं. "मले वाटलं मेली तू. मले वाटलं मातीत घातलं तुले," असं तुम्ही तिला म्हणत होता. आई चार हात अंतरावर उभी होती, प्लास्टरचा हात उजव्या हातात धरून. तुम्ही तिच्याकडे बघितलं नाही. मी बघत होते, म्हणून खात्रीनं लिहिते.

मग तुम्ही पुडा सोडलात. ओल्या, चमकणाऱ्या मासोळ्या. दोन अजून हलत होत्या.

मी म्हणाले, "कच्ची देऊ नका. मी उकडून देते." गॅसवर भांडं होतंच. भुरीचीच मासोळी उकडत होती.

"उकडून?"

"आता तसंच देतो. त्यात थोडा भात कुस्करून. ती खाते."

"उकडून देते! मांजरीले! मंग तिले कुकरची शिट्टी वाजवाले शिकव ना." तुम्ही हसलात. आई घाबरून हसली. मी हसले नाही.

"मी पत्रात कारण लिहिलं होतं."

"वाचलं तुहं कारन. बापजाद्यायपासून तलावाच्या काठावर हावोत आमी. माह्या आज्यानं हातानं पकडली मासोळी. आन तू नोकरी लागली न मले मासोळी शिकवून राहिली?"

"तुम्ही देत होता तीच मासोळी तिला मारत होती."

हे मी म्हणाले. शब्द हेच होते. आवाज मोठा नव्हता.

तुम्ही भुरीला खाली ठेवलं. हळू ठेवलं, तेही मी पाहिलं. मग गॅसवरचं भांडं दांड्याला धरून उचललं आणि माझ्यावर फेकलं. उकळतं पाणी मानेवर आणि डाव्या खांद्यावर आलं, भांडं कानावर लागलं. मी खाली बसले. तुम्ही माझे केस धरून मला उठवलं आणि डोकं भिंतीवर आपटलं. "म्हन! कोन मारत होतं? म्हन!" दुसऱ्यांदा आपटलं तेव्हा माझ्या जिभेचा लचका तुटला आणि तोंडात रक्त आलं. मी काही म्हणाले नाही. म्हणायचं नव्हतं असं नाही. म्हणता येत नव्हतं.

तेव्हा आईनं तुम्हाला मारलं.

प्लास्टरच्या हातानं, तोंडावर, एकदाच. ती ओरडली नाही. तुमचा खालचा ओठ फाटला. त्या दिवशी तुम्ही आईकडे पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. तुम्ही मार लागल्यासारखे दिसत नव्हता. एखादी वस्तू बोलायला लागलेली पाहावी तसे दिसत होता.

"शके," तुम्ही म्हणालात, "तू मले मारलं?"

आई म्हणाली, "हो. आता जा तुमी."

शेजारचे टेकचंदकाका आणि त्यांचा जावई धावत आले. त्यांनी तुम्हाला खाली नेलं. तुम्ही जिन्यावरून ओरडत होता, "माही मांजर द्या!" पूर्ण इमारतीनं ते ऐकलं. आपल्या घरचं ऐकायला लोक नेहमीच मिळतात.

मासोळ्या फरशीवर पडल्या होत्या. भुरी त्यांच्याकडे गेली, वास घेतला, एक उचलली. मी तिच्या तोंडातून ती काढून घेतली. तेवढ्यात तिनं मला ओरबाडलं. तीही नोंद करते.

माझी मान भाजली आहे. जिभेला टाके पडले नाहीत. आईच्या प्लास्टरला तडा गेला होता. डॉक्टरांनी एक्स-रे काढला, तेव्हा जुळत आलेलं हाड पुन्हा सरकलेलं दिसलं. आता नवं प्लास्टर घातलं आहे. तुम्ही एकदा मोडलेला हात तुम्हालाच मारताना पुन्हा दुखावला, हे मी कुणाच्या खात्यावर लिहू, ते अजून ठरवलेलं नाही.

माझी अंगणातली मागणी मी मागे घेते. ती पुरी झाली तरी आता काही बदलणार नाही. या घराकडे पुन्हा येऊ नका. गेटवर तसं सांगून ठेवलं आहे.

आईनं मात्र तुमच्यासाठी एक निरोप ठेवला आहे. ती म्हणते, तुम्हाला काही म्हणायचं असेल तर लिहून पाठवा. ती वाचून घेईल. मी तिला विचारलं, "काय म्हणतील असं तुला वाटतं?" ती म्हणाली, "ते पाहू ना. एक वेळ पाहू." तिचं मन अजून तुमच्या बाजूला आहे हे तुम्हाला कळावं म्हणून लिहिते. माझं नाही.

अपेक्षा


जवाहरनगर, ३० ऑक्टोबर

बाबा,

तुमचं पत्र दिवाळी झाल्यावर पोचलं. पाकिटावर आईचं नाव होतं, म्हणून मी उघडलं नाही. तिच्या हातात दिलं. तिनं ते पदराला पुसलं आणि पलंगावर बसली.

"वाच," म्हणाली. मी वाचलं.

"भुरीला पाठवून दे. ती माझी आहे. नाही पाठवत असशील तर ठेव तुझ्याचजवळ. मी दुसरं पिल्लू आणलं आहे. त्याले कच्चीच मासोळी देतो, दुसरं काहीच देत नाही. काय होते ते साऱ्या गावानं पाहावं. मंग कळन कोन खरं न कोन खोटं."

आई कागदाकडे वाकली. मग म्हणाली, "पुढचं वाच."

"संपलं."

"मांगच्या बाजूनं पाह्य."

मी कागद उलटा केला. कोरा होता. तिनं तो माझ्याकडून घेतला आणि स्वतः उलटून पाहिला. तिला वाचता येत नाही. तरी बराच वेळ बघत होती.

"माह्या हाताचं काहीच नाही?"

"नाही."

"तुह्या मानेचं?"

"नाही."

तिनं कागदाची घडी केली, आधी होती त्याच घडीवर. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या आधी उठून तयार झाली आणि म्हणाली, "चाल. पोलिसायले सांगाचं हाय का मी मोरीत पडली नाही."

तिनं जबाब दिला. करीच्या दिवसाचा आणि इथल्या दिवसाचा, दोन्हींचा. तिनं तुम्हाला मारलं तेही तिनंच सांगितलं. लिहून घेणाऱ्या बाईंनी विचारलं, हे लिहायचं का? आई म्हणाली, "लिवा. मारलं त मारलं." मीही माझा जबाब दिला. हेमराजकाकांनाही बोलावणं जाईल. ते काय सांगतील हे त्यांचं त्यांनी ठरवायचं. तुम्ही त्यांच्या दारात जाऊ नका.

पिल्लाबद्दल. तुम्ही करता आहात तो प्रयोग नाही. पिल्लू मेलं तर मी खरी ठरेन आणि तुम्ही म्हणाल, शकूची नजर लागली. ते जगलं, तर त्यानं चोरून कुणाच्या तरी घरचा भात खाल्ला असेल म्हणून जगलं. दोन्ही वेळा तुम्हाला कळायचं ते कळणार नाही. तोपर्यंत त्याच्या अंगातलं बी-वन रोज कमी होत राहील. पिल्लाला मोठ्या मांजरीइतका वेळ मिळत नाही. त्याला मासोळी उकडून द्या, काटे काढून. उकडलेलं अंडं द्या. हे मी तुमच्यासाठी लिहीत नाही.

आता आईचं. ती बोलली ते मी तिच्याच शब्दांत लिहिते. तिनं सांगितलं, एक अक्षर बदलू नको.

"लिह्य का मी जहर देल्लं नाही. देणार असती त मांजरीले काहून देल्लं असतं?"

"आई, हे असंच लिहू?"

"असंच लिह्य. न लिह्य का मी आता तुमच्या घरात येत नाही. तुमी बलावलं तरी नाही, कबूल केलं तरी नाही. लोकायनं समजावलं तरी नाही. मी मार खाल्ला ते सांगत नाही, साऱ्याच बाया खातेत म्हून मी गप होती. पन माह्या पोरीवर तुमी उकळतं पानी टाकलं न मंग पत्र लिवलं त मांजरीचं लिवलं. तेवढं मले समजलं. आता माह्या मनात काही राह्यलं नाही. राग बी नाही. धान तेवढं हाय."

धानाचं असं. तलावाखालची बांधी आजोबांनी आईच्या नावानं केली आहे. सातबारा तिच्या नावाचा आहे. यंदाचं रोवणं तिनं केलं, निंदण तिनं केलं. बुधवारी, १२ नोव्हेंबरला, आम्ही ते कापायला येतो. आई स्वतः कापू शकणार नाही. विळा उजव्या हातात धरता येतो, पण डाव्या मुठीत धानाचा झुपका धरला जात नाही. बोटं मिटत नाहीत. डॉक्टर म्हणतात, पूर्ण मिटतील असं सांगता येत नाही. ती शेताच्या धुऱ्यावर बसून कापून घेईल. कापणीच्या बाया कलाबाई आत्यानं सांगितल्या आहेत. पोलीस पाटलांना मी कळवलं आहे, ते बांधीवर थांबतील.

घरात आम्ही येणार नाही. घरातलं काही नेणार नाही. आईचं जे होतं ते तुम्ही जाळलंच आहे. पिल्लू मात्र नेऊ. ते आत्याकडे आणून ठेवा. तुम्ही आणून ठेवलं नाही, तर मी पाटलांना घेऊन दारात येईन आणि दारातूनच घेऊन जाईन. तुम्ही मला मारलं, तर या वेळी लोकांसमोर माराल.

आईनं रात्री विचारलं, "ते त्या दिशी बांधीवर येतीन का?" मी म्हणाले, माहीत नाही. तिनं विचारलं, "आले न काही केलं त?" मी म्हणाले, आपण आठ-दहा जण असू. ती म्हणाली, "करीच्या दिशी गल्ली भरून मानसं होती."

म्हणून तुम्हाला विचारते.

१२ तारखेला तुम्ही गावात असाल की नाही, आणि असाल तर बांधीवर याल की नाही, एवढंच लिहून कळवा. बाकी काही लिहू नका. सोमवारी, १० नोव्हेंबरपर्यंत तुमचं उत्तर मला मिळालं पाहिजे.

अपेक्षा